किल्ला बघायला गेलो आणि निघाली वखार!

आमच्या पोरांच्या डोक्यात किल्ला म्हणजे सिंहगड. मागच्या इंडिया ट्रिपला वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हाणलेलं, ते अजून विसरले नाहीत. त्यामुळे शनिवारी फोर्ट लँगलीला जायचंय म्हटल्यावर चिरंजीव सकाळी सातलाच बूट घालून तयार, एरवी शाळेसाठी दहा हाका माराव्या लागतात. कॅनडात आमच्या इथे, व्हँकुव्हरहून गाडीने तासाभराचा रस्ता, फ्रेझर नदीच्या काठी. लहान मुलांना तिकीट नाही हे आईला कळल्यावर तीही खूश. आई सध्या साताऱ्याहून आलीये.

तर आत शिरलो आणि लेकाचं तोंड पडलं. ना डोंगर, ना दगडी तट. उभे ओंडके ठोकून केलेलं कुंपण, कोपऱ्यात लाकडी बुरूज आणि मध्ये हिरवळ. "आई, चढायचं कुठेय?" आणि आमची आई मागून म्हणते, "अगं हा कसला किल्ला, ही तर वखार!"

तिला म्हणायची होती आपली लाकडाची वखार, पण बोलली ते शंभर टक्के खरं! 1670 साली लंडनमध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीचं हे ठाणं, 1827 मध्ये सुरू झालेलं. इंग्रजांची सुरतेला, राजापूरला वखार होती ना, अगदी तोच प्रकार. इंग्रज वखारीला फॅक्टरी म्हणायचे, आणि या कंपनीच्या बड्या साहेबांचा हुद्दासुद्धा चीफ फॅक्टर. फक्त तिकडे कापड नि मसाले, इकडे बीव्हर नावाच्या पाण्यात राहणाऱ्या केसाळ प्राण्याची कातडी. बीव्हरच्या आतल्या मऊ लोकरीचा नमदा करून युरोपात साहेबांच्या हॅट बनायच्या, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. जनावरं धरायचे इथले मूळ रहिवासी, आणि बदल्यात त्यांना ब्लँकेटं, भांडी, बंदुका, मणी.

1840 च्या दशकातलं कोठार तेवढं मूळचं, बाकी बरंचसं नंतर उभारलेलं. तिथे कातडी हात लावून बघता येतात. धाकटीने बीव्हरच्या केसांत बोटं खुपसली, वरचे केस राठ आणि खाली एकदम कापसासारखं मऊ, मग गालाला लावून बसली ती सोडेचना. कातडी दाबून गठ्ठे बांधायचं यंत्रही आहे, एकेक गठ्ठा साधारण 40 किलोचा. बाबाने उगीच जोर लावून बघितला, पाठ दोन दिवस धरलेली (हे लिहू नको म्हणालाय).

पण खरी गंमत म्हणजे इथे फरपेक्षा मासाच जास्त चालला. क्वांटलेन या इथल्या मूळ रहिवाशांकडून सामन घ्यायचा, मीठ लावून पिंपात भरायचा आणि थेट हवाईला पाठवायचा. पिंपं इथेच बनायची, फळ्यांना बाहेरून लोखंडी कडी, ना खिळा ना डिंक. आईने पिंपात डोकं घालून वास घेतला आणि "सुकटीसारखा नाही येत" असं सर्टिफिकेट दिलं.

मोठ्या घरात एक गोष्ट वाचून मात्र मी थबकले. 1858 मध्ये इकडे सोन्यासाठी झुंबड उडाली, अमेरिकेतून हजारो लोक घुसले, म्हणून 19 नोव्हेंबरला इंग्रजांचा गव्हर्नर जेम्स डग्लसने इथेच ब्रिटिश कोलंबिया वसाहतीची घोषणा केली. आणि आपल्याकडे कंपनी सरकार जाऊन राणीचा जाहीरनामा वाचला तो त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला! अठरा दिवसांत राणीबाईंनी दोन टोकांना दोन मुलुख नावावर केले. मी हे भारावून सांगतेय तर ऐकायला कोणी नाही, सगळे बाहेर ताटल्यांत वाळू धुवून "सोनं" शोधतायत. सापडलेले चार कण बाटलीत भरले, ती बाटली गाडीत सांडली, मग रडारड, मग दशम्या-चटणी, मग झोप.

घरी आल्यावर लेकाने जाहीर केलं की यंदा दिवाळीत मातीचा नाही, आइस्क्रीमच्या काड्यांचा किल्ला करणार. आजीने विचारलं, मग मावळे कुठे उभे करशील? "मावळे नकोत आजी, बीव्हर लागतील." काड्या मात्र आजपासूनच जमवायला घेतल्यात, रोज दोन.