तुम्ही विचारलंत म्हणून: ते व्हायरसचं इंजेक्शन

"हिमोफिलियावर एकदाच घ्यायचं इंजेक्शन निघालंय ना? मग तू अजून आठवड्यातून दोनदा कशाला टोचून घेतोस?" इंदूरच्या रामबागेतल्या प्रत्येक मुंजीत कुणीतरी विचारतंच. पाठोपाठ मावशी: "व्हायरसला घाबरतो तो."

व्हायरसला घाबरत नाही हो मी. मला हिमोफिलिया बी आहे: रक्त गोठायला लागणारं फॅक्टर नाइन हे प्रथिन माझं शरीर पुरेसं बनवत नाही, म्हणून ते टोचून घ्यावं लागतं. नव्या इंजेक्शनातला एएव्ही हा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही. त्याचे जीन काढून जागी फॅक्टर नाइनचा जीन भरतात, उरलेलं कवच तो यकृतापर्यंत पोचवतं. हमालच म्हणा. २०११ साली लंडनच्या डॉक्टरांनी हिमोफिलिया बी असलेल्या सहा जणांना असं इंजेक्शन दिल्याची बातमी आली; चौघांचं नेहमीचं फॅक्टर सुटलं होतं. ते कात्रण मी फ्रिजला चिकटवलं. आत श्रीखंडाच्या डब्याशेजारी माझ्या फॅक्टरच्या बाटल्या, बाहेर ते कात्रण, वर पेनने लिहिलेलं: 'पाच वर्षांत आपणही.' काय पण हौस! औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०२२ मध्ये, किंमत ३५ लाख डॉलर.

पैशांचं कारण सांगून मी सुटू शकतो. पण मधे अशाच इंजेक्शनच्या एका चाचणीसाठी मी नाव दिलं होतं, तिथे पैसे लागणार नव्हते.

रक्ततपासणीच्या निकालाचा फोन आला तेव्हा आम्ही छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत होतो. डिसेंबर, गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे, दिवस. बायकोच्या हातात प्लेट, वर जीरावन मसाला भुरभुरलेला. पलीकडची मुलगी अगदी हळू बोलत होती, "अंकल, आपके खून में एंटीबॉडी निकली हैं।" म्हणजे लहानपणी कधीतरी, बहुधा एखाद्या सर्दीबरोबर, हा विषाणू मला भेटून गेला होता. मला पत्ता नाही, शरीराला मात्र आठवण पक्की. आता औषध म्हणून आला तरी ते त्याला यकृताच्या दारातच अडवणार, म्हणून मी बाद.

बायकोने नुसतं बघितलं. मी मान हलवली. तिने प्लेट कट्ट्यावर ठेवली आणि पदराने डोळे टिपले. मी ती प्लेट उचलली आणि सगळे गराडू संपवले. चव लागत होती, हे सांगायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं झालं होतं.

१९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा अशाच एका प्रयोगात इंजेक्शननंतर चार दिवसांत गेला. त्यातला विषाणू वेगळा, अडिनोव्हायरस, आजारही वेगळा. हे मीच लोकांना तावातावाने समजावलंय. आणि 'एकदाच' हा शब्द तुम्हाला गोड वाटतो. एकदा घेतलं की अँटीबॉडी तयार होतातच, असर ओसरला तर तेच परत घेता येत नाही.

पण रात्री तीन वाजता उजवा गुडघा नारळासारखा सुजतो, तेव्हा यातला एकही मुद्दा माझ्या कामाला येत नाही. तेव्हा त्या गराडूंचा राग येतो.

आणखी एक. २०२२ च्या त्या औषधाच्या चाचणीत अँटीबॉडी असलेले रुग्णही घेतले होते. हे मला केव्हाचं ठाऊक आहे. मी कुठे चौकशी केलेली नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही.