जरा पडलेत

दुपारी अडीचला फोंड्यात सुईदोरा घ्यायला गेले. दुकानाचं शटर अर्धं खाली. आतून पोऱ्या म्हणाला, "भाई जरा पडलेत." गोव्यात राहणाऱ्याला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. चार वाजेपर्यंत सुईदोरा मिळत नाही. छत्री उघडायची आणि चालू लागायचं.

हा 'जरा' मोठा साळसूद. 'जरा मीठ दे' म्हटलं तर खरंच चिमूटभर हवं असतं. पण 'जरा घरी येऊन जा' असा निरोप आला, की ओळखावं, कपाट हलवायचंय.

लहानपणी चवथीच्या आदल्या दिवशी आजी हाक मारायची, "बाय, जरा माटोळीकडे बघ गो." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, फळांनी सजवलेली लाकडी चौकट. बघायचं म्हणजे आतेभाऊ स्टुलावर आणि मी खाली. आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घड, कांगलांचे झुबके एकेक करून वर द्यायचे. मान वर करकरून मोडायची, डोळ्यांत कचरा पडायचा. नारळाची पेंड, म्हणजे अख्खा घड, चढवताना तर सगळं घर जमायचं आणि जो तो सांगायचा, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आता जरा खाली. शेवटची गाठ बसेपर्यंत रात्र. मग आजी पदराला हात पुसत म्हणायची, "एवढंसं तर होतं!"

कोकणीतलं 'मातशें' याच्याच वळणाचं. बसमध्ये उभं राहायला जागा नसते, तरी कंडक्टर "मातशें फाटीं वच गो" (जरा मागे जा गं) म्हणतो आणि आणखी चौघांना आत घेतो.

हा 'जरा' फारसीतून मराठीत आला. मूळचा तो अरबी 'ज़र्रा', म्हणजे उन्हाच्या तिरिपेत तरंगतो तेवढा कण. म्हातारपणाची संस्कृत 'जरा' वेगळी. कृष्णाला बाण मारणाऱ्या पारध्याचं नावही जराच. आपल्या 'जरा'शी यांचा काही संबंध नाही, पण दुपारी झोप न येणाऱ्या माणसाला असलंच सुचतं.

आमच्या आईचं दुखणं कायम 'जरा' असतं. जरा कणकण, जरा चक्कर. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, "जरा पाय घसरला. काही नाही गो, तुझं चालू दे." मी हातातलं टाकून मिळेल ती कदंब बस पकडली. शेजारीण दारातच उभी होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं.