अभ्यासिकेची मापं घ्यायची परवानगी : माझा अनुभव

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गावाकडची एखादी सार्वजनिक जागा घेऊन करणार असाल, तर सिनॉप्सिस (प्रोजेक्टची लेखी रूपरेषा) मंजूर व्हायची वाट बघू नका, परवानगीच्या अर्जाला आधी लागा. सिनॉप्सिस गाइडसमोर बसून दुरुस्त करता येतो. अर्ज एकदा टेबलावर पडला की तो टेबलाचा झाला.

माझी शाखा इंटिरियर आणि एन्व्हायर्नमेंटल स्पेसेस. घरी याचा अर्थ सोफा आणि पडदे असा घेतात. मामा तर अजूनही "तुझा फर्निचरचा कोर्स संपला का?" असंच विचारतात. कॉलेज पुण्याला, घर तापीकाठी. वर्गातली बरीच मंडळी कॅफेच्या मागे होती, मी आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावची अभ्यासिका घेतली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून तिथं जाणं-येणं आहे.

लांबट हॉल. वर पत्रा, पत्र्याखाली पीव्हीसीचं छत, त्याखाली पंखे आणि टेबलांच्या रांगा. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची पोरं-पोरी सकाळी सातलाच बाटली नाहीतर रुमाल टाकून जागा धरतात. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकला की दुपारी बारानंतर पश्चिमेच्या भिंतीकडची अख्खी रांग रिकामी होते आणि दाराजवळच्या टेबलांवर दाटी. कोणी ठरवून करत नाही, ऊनच उठवतं. एसी न लावता ही खोली दुपारी बसण्याजोगी कशी करायची, हा माझा प्रश्न. (एसीचं बिल कोण भरणार, हे तिथं कोणालाही विचारा.) गाइडना विषय आवडला. म्हणाले, "साइटची परवानगी घे, मेझर्ड ड्रॉइंग (जागा मोजून काढलेला नकाशा) कर आणि रिव्ह्यूला ये." बोलायला काय जातं!

अभ्यासिका ज्यांच्या ताब्यात, ते कार्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. आवक-जावकच्या टेबलावर कॉलेजचं पत्र दिलं. लेटरहेड होतं, विभागप्रमुखांची सही होती, गोल शिक्काही होता. त्यांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "जावक क्रमांक कुठाय?"

आमच्या विभागात सगळं ईमेलवर चालतं. जावकची वही कुणीतरी कपाटातून शोधून काढली तेव्हा तिच्यातली शेवटची नोंद माझ्या ॲडमिशनच्याही आधीची होती. क्रमांक पडला, स्कॅन आला. "स्कॅन चालत नाही, मूळ प्रत." मूळ प्रत आली. "पत्र इंग्रजीत आहे. टिपणी मराठीत लिहायची तर पत्र मराठीत पाहिजे." हे एक मी मान्य करते, रास्तच होतं. मराठी पत्र केलं, सही-शिक्का पुन्हा, जावक क्रमांक पुन्हा. यावेळी मी क्रमांक आधी पाहिला आणि मग बाकीचं.

अर्ज आवक झाला आणि वर गेला. वर म्हणजे बांधकामाच्या टेबलावर. तिथले साहेब चांगले बोलले, चहा मागवला. मग विचारलं, "छताचं काम नुकतंच झालंय. त्याचंही माप घेणार का?" म्हटलं, हो, छत तर मुख्य आहे. साहेबांनी कप खाली ठेवला. पुढचं बोलणं एकदम वेगळ्या पट्टीत सुरू झालं. तांत्रिक अभिप्राय लागेल. अभिप्राय कोण देणार? तेच देणार. मग द्या ना. "तोंडी आमची हरकत नाही. लेखी देता यायचं नाही."

खाली येऊन सांगितलं तर खालचं टेबल म्हणालं, "याआधी कुणाला अशी परवानगी दिली असेल तर तिची नक्कल जोडा." याआधी कुणी मागितलीच नव्हती, तर नक्कल कुठली? "मग बघावं लागेल." या वाक्याला उत्तर नाही, मी बरंच डोकं चालवून पाहिलं. त्यात मोठ्या साहेबांची बदली झाली आणि पदभार दुसऱ्या गावच्या साहेबांकडे गेला. ते मंगळवारी यायचे, आणि मंगळवारीच त्यांची जिल्ह्याला मीटिंग असायची.

व्हरांड्यात तीन सीटची लोखंडी खुर्ची होती. मधल्या सीटचा एक बोल्ट गेलेला, बसलं की ती पुढे झुकायची, म्हणून सगळे तिच्यावर पिशव्या ठेवून कडेला बसायचे. सीटची उंची माझ्या विताने सव्वादोन वीत भरली, म्हणजे साधारण 45 सेंटीमीटर. उंची बरोबर होती, पण पाठ टेकायची जाळी इतकी सरळ की म्हाताऱ्या माणसांनी तिला पाठ लावलेली मी पाहिली नाही, सगळे गुडघ्यांवर कोपर टेकून पुढे वाकलेले. त्या व्हरांड्याची सगळी मापं माझ्याकडे आहेत. ती घ्यायला परवानगी लागली नाही.

शेवटी गाडी हलली ती भलत्याच कारणाने. मला इमारतीचा मूळ नकाशा हवा होता, तोही मिळेना, म्हणून एका सीनियरच्या सांगण्यावरून मी माहिती अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लिहायचा असतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. मी सरळ लिहिलं होतं: अभ्यासिकेच्या मंजूर नकाशाची प्रत मिळावी. कुणावर रोख नव्हता. पण स्टॅम्प बघताच टेबलामागचा आवाज बदलला. "अहो ताई, याची काय गरज होती? बसा ना." ज्या मंगळवारी साहेब आले, त्याच मंगळवारी पत्र सही होऊन हातात पडलं. मला आनंद झाला, लपवत नाही. संतापही तेवढाच झाला.

पत्रात लिहिलं होतं: शैक्षणिक प्रयोजनार्थ मापे घेण्यास हरकत नाही, कामकाजात अडथळा येऊ नये, छायाचित्रण करता येणार नाही. छायाचित्रण का नाही, कुणी सांगितलं नाही. आत बसलेली पोरं रोज त्याच भिंतीसमोर फोटो काढून स्टेटसला टाकतात. मी स्केच करत बसले. ज्युरीत, म्हणजे शेवटच्या परीक्षकांसमोर, त्या स्केचेसचं कौतुक झालं, पण फोटो असते तर माझ्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

नकाशाही मुदतीत आला, आणि तो फार कामाचा निघाला. त्यात उत्तरेच्या भिंतीला तीन खिडक्या होत्या. प्रत्यक्षात एकच, बाकीच्या दोन बुजवून त्यांच्यासमोर लोखंडी कपाटं लावलेली. म्हणजे खोली मुळात इतकी वाईट नव्हती.

मापं घ्यायला पहाटे जा, पोरं यायच्या आधी. भरउन्हात खिडकीजवळ लेझर मीटरचा लाल ठिपका दिसत नाही, साधा टेप सोबत ठेवा. चार भिंती मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. जुनी खोली काटकोनात असेल यावर कधी विश्वास ठेवू नये. तापमान टेबलाच्या उंचीला एकदा आणि छताला हात पोचेल तिथं एकदा घ्या, फरक बघून ज्युरी गप्प होते. आणि जागेवरच्या शिपाईकाकांशी आधी बोला. मी टेप धरून उभी, तर काका म्हणाले, "काय मोजी ऱ्हायनी माय? नवं बांधी देतीन का?" त्यांनीच दाखवलं की उन्हाळ्यात दुपारी पीव्हीसीच्या पट्ट्या फुगून खाली येतात आणि रात्री पुन्हा बसतात.

डिझाइनचं मूळ आजीच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात होतं. तुळया, त्यावर किलचण (बारीक लाकडांचा थर), त्यावर निंबाचा पाला, मग माती आणि सगळ्यांत वर पांढरी खारी माती, जी पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा टाकून चोपायची. या थरातून दुपारचं ऊन खाली उतरेपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर माणसं धाब्यावरच झोपायला गेलेली असतात. पण हे जसंच्या तसं उचलता येत नाही. फूटभर माती म्हणजे चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास वजन, पत्र्याखालच्या कैच्या (छताचे त्रिकोणी सांगाडे) ते पेलणार नाहीत. म्हणून मी पत्र्याच्या वर बांबू आणि तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) दुसरा थर उचलून धरला, मधून वारा वाहील इतकी फट ठेवून. पत्र्याला चुना, उत्तरेच्या बुजवलेल्या खिडक्या मोकळ्या आणि त्यांच्यावर सावली, कपाटं पश्चिमेच्या भिंतीला. पुस्तकं भरलेलं कपाट हीसुद्धा उन्हाच्या आड उभी केलेली जाड भिंतच असते.

ज्युरीतल्या एका सरांना बांबू-तुराटी तात्पुरती वाटली. त्यांना जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचं सांगितलं: 1936 च्या डिसेंबरात खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि तिथल्याच साहित्यात उभी केलेली सजावट. सर म्हणाले, तेही तात्पुरतंच होतं. बरोबर आहे. म्हणून तुराट्यांचे ताटवे सुटे ठेवलेत, खराब झालेला तेवढा बदलायचा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता: उत्तरेच्या खिडक्यांना सावली कशाला? आपण 21 अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो, मग जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी तो डोक्याच्या उत्तरेलाच असतो. जूनमध्ये उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं. पुण्यातही असे दिवस असतात, उलट आमच्याकडच्यापेक्षा जास्तच. हे माहीत करून गेले होते, म्हणून निभावलं.

छपाईचं राहिलंच. ए-वन शीट तालुक्याला काढायच्या भानगडीत पडू नका. लग्नसराईत फ्लेक्सवाले तुमच्याकडे बघणारही नाहीत, आणि फ्लेक्सवर बारीक रेषा फुटतात. जळगाव किंवा धुळ्याला प्लॉटरवाला (मोठे नकाशे छापणारा) गाठा. ऑटोकॅडची फाईल नेऊ नका, पीडीएफ न्या, नाहीतर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन छापून येतात आणि पैसे तुमचेच जातात. आधी ए-थ्रीवर एक प्रत काढून उत्तर दिशेचा बाण आणि स्केल तपासा, मगच मोठी काढा.