मटण बंद, रस्सा चालू

जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात. अशाच एका सोमवारी, मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते त्या दवाखान्यात करवीर तालुक्यातले एक गुळवे (उसाचा रस आटवून गूळ करणारे) काका लंगडत आले. उजव्या पायात चप्पल नव्हती. शुक्रवारी पाहुण्यांकडं जावळाचं जेवण झालं, मध्यरात्रीनंतर अंगठा ठणकायला लागला आणि पहाटे त्यावर चादरसुद्धा सोसवेना. अंगठ्याचं मूळ लालभडक, चकचकीत सुजलेलं. सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात रक्तातलं युरिक ॲसिड ९.१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) होतं. शनिवारच्या रिपोर्टात मात्र ६.६, म्हणजे ‘नॉर्मल’. त्यामुळं ‘हे युरिकचं दुखणं, म्हणजे गाऊट नव्हे, मुरगळलं असेल’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

इथं हमखास फसगत होते. ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक ॲसिड तात्पुरतं खाली येऊ शकतं, कारण सूज असताना मूत्रपिंडं ते जास्त बाहेर टाकतात. म्हणून तेव्हाच्या आकड्यावर विसंबायचं नाही, दुखणं शमल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. साधारण ६.८ च्या वर युरिक ॲसिड रक्तात विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसतात. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, अंगाच्या मानानं थंड, म्हणून पहिला मान बहुधा त्याचा. डॉक्टरांनी सांधा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून कोल्चिसीन हे सुजेवरचं औषध सुरू केलं आणि आहारासाठी त्यांना माझ्याकडं पाठवलं.

काकू आधीच तयारीत होत्या. “मॅडम, सहा महिने झालं, मटणाचा पीस तोंडात घातला न्हाई ह्यांनी. डाळ बंद, दही बंद. निस्ता रस्सा खात्यात.”

“किती वाट्या?”

“पांढरा दोन-तीन, तांबडा बी तेवढाच.”

कोल्हापुरात हा प्रश्न विचारल्याशिवाय आहाराची नोंद पुरी होत नाही. मटणात प्युरिनं असतात, त्यांच्यापासूनच अंगात युरिक ॲसिड बनतं, आणि ती पाण्यात विरघळतात. हळद-मीठ घालून मटण शिजवलं की त्यांचा बराचसा भाग त्या शिजवलेल्या पाण्यात, म्हणजे इथल्या भाषेत अळणी पाण्यात, उतरतो आणि दोन्ही रस्से त्याच पाण्याचे होतात. काका ताटातला पीस बाजूला सारत होते आणि त्याचा अर्क पीत होते. उलट जे सोडलं होतं, ते सोडायची गरजच नव्हती. डाळी-उसळींत प्युरिन असतं खरं, पण त्यानं गाऊट वाढल्याचं अभ्यासांत दिसत नाही. आणि दूध-दह्यानं तर युरिक ॲसिड थोडं कमीच होतं. प्रथिनं तोडून माणूस अशक्त होतो, दुखणं तिथंच राहतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या कामातूनच निघाली. चुलवाणाजवळ दिवसभर घाम गाळायचा आणि तहान लागली की पाण्याऐवजी उसाचा रस प्यायचा, दिवसाला चार-पाच ग्लास. रसातल्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. ते यकृतात मोडताना पेशींची ऊर्जा झपाट्यानं खर्च होते आणि त्या मोडतोडीतून युरिक ॲसिड तयार होतं. त्यात अंगातलं पाणी कमी, म्हणजे लघवीवाटे बाहेर पडायचंही कमी. गूळ आणि काकवीलाही हाच न्याय. ‘साखर सोडली, गुळाचा चहा घेतो’ यानं काहीच साधत नाही.

मी लिहून दिलं: दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी, कामावर जास्त, लघवी फिकट दिसेपर्यंत. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र हे माप डॉक्टरांनीच ठरवायचं. रस बंद. आमटी दोन्ही वेळ, लोणी काढलेलं ताक दोन ग्लास. मटण पंधरा दिवसांतून एकदा, चार छोटे पीस, अळणी पाण्यातून काढून वेगळे परतलेले. कलेजी, वजडी, रक्ती-मुंडी, सुकट अजिबात नको. वजन महिन्याला दोन किलोपेक्षा वेगानं उतरवायचं नाही. कडक उपासानं रक्तात कीटोन वाढतात आणि युरिक ॲसिड बाहेर पडणं अडतं. काका युरिकवर उपाय म्हणून रोज खायचा सोडा पाण्यातून घेत होते. रक्तदाब असताना एवढं सोडियम धोक्याचं, म्हणून तोही बंद केला. त्यांच्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, जे युरिक ॲसिड वाढवतं. डॉक्टरांनी ती बदलून लोसार्टन दिली. अशी गोळी आपल्या मनानं कधीच थांबवू नये.

सहा आठवड्यांनी आकडा ७.९ आला. काका नाराज झाले. मला मात्र हे अपेक्षित होतं, कारण पथ्यानं साधारण एक अंकच उतरतो आणि स्फटिक विरघळायला पातळी ६ च्या खाली लागते. मग डॉक्टरांनी युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवली, जोडीला कोल्चिसीनचा छोटा डोस. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच या, हे आम्ही दोनदा बजावलं. तीन आठवड्यांनी अंगठा पुन्हा दुखला. इथंच बहुतेक लोक ‘गोळीनंच दुखतंय’ म्हणून ती सोडतात. खरं तर साठलेले स्फटिक सुटू लागले की असं दुखणं उठतं, आणि गोळी तशीच चालू ठेवायची असते. काकांनी ती ठेवली.

मे महिन्यात आकडा ५.७ होता. काकूंनी सांगितलं, घरात मटण शिजलं की पहिल्यांदा झाऱ्यानं ह्यांचे चार पीस बाहेर काढते, मग रश्शाला फोडणी देते. ह्यांच्यासाठी शेजारच्या चुलीवर मसुराची आमटी असते.