पाकिटावरची कृती

मॅगी भारतात आली १९८३ साली. आमच्या घरात शिरायला तिला आणखी काही वर्षं लागली. जाहिरातीतली दोन मिनिटं आमच्याकडे अर्ध्या तासाची होत. पाकिटावर लिहिलंय तेवढंच करणं म्हणजे आईच्या लेखी शुद्ध आळस. आधी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, मग कांदा, टोमॅटो, असलेच तर मटार, वरून कोथिंबीर. त्या गर्दीत नूडल्सना जागा मिळाली तर मिळाली.

आमचं लक्ष मसाल्याच्या चंदेरी पुडीवर. ती दातांनी फाडायची, पातेल्यात झटकायची आणि कोपऱ्यात मुद्दाम राखलेला मसाला करंगळीनं चाटायचा. बोट पिवळं होई, जीभ चुरचुरे. मॅगीतली सगळी मजा त्या चिमटीभर मसाल्यातच होती, असं माझं आजही ठाम मत आहे.

रसनाचंही तेच. पुडी आणि अर्काची इवलीशी बाटली. त्यात ३२ ग्लास होतात म्हणे. आजी साखरेचा पाक उकळून पंच्यानं गाळायची आणि ‘नुसतंच गोडमिट्ट’ म्हणून लिंबं पिळायची. प्यायला मिळे ते नारिंगी रंगाचं लिंबू सरबत. फुलपात्रं लहान काढली की पाहुण्यांनाही पुरे.

गिट्स तर आपलं पुण्याचंच, १९६३ पासूनचं. त्यांच्या गुलाबजामच्या पिठात आई पाण्याऐवजी दूध घाली, वेलची घाली, आणि दिवाळी असली की खवासुद्धा. ‘खवा आणायचाच होता तर पाकीट कशाला?’ हे बाबा दरवर्षी विचारत. उत्तर कधी मिळालं नाही, गुलाबजाम मिळत.

आयतं वाढलं की बायांना काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं की काय कोण जाणे! पण मग मेतकूट? डाळी, तांदूळ, गहू खमंग भाजायचे, सुंठ, हिंग, मेथी, हळद घालून दळायचं आणि बरणी भरून ठेवायची. ऐनवेळी मऊ भात, तूप, वर दोन चमचे मेतकूट; झालं जेवण. याहून झटपट ते काय असतं? पण आजीची अख्खी सकाळ कढईपुढे गेलेली असे, त्यामुळे त्याला कुणी आयतं म्हणत नसे.

हल्ली मेतकूटही पाकिटात येतं. आई आणते, चव बघते, आणि बरणीत भरण्याआधी त्यात हिंग घालते.