सेकंड हँड इको, पाइपची पोती आणि फॉर्म 35

गाडी बघणं, मेकॅनिकला दाखवणं, भाव पाडणं, हे सगळं पटापट झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते फॉर्म 35 बद्दल, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद उतरवायच्या अर्जाबद्दल. त्या एका कागदानं माझा उन्हाळ्याचा सीझन खाल्ला. एप्रिल-मे म्हणजे आम्हा प्लंबरांचे कमाईचे दिवस: टाक्या बदला, गच्चीवरच्या लाइनी नव्या टाका. आणि मी बसलो होतो एका फायनान्स कंपनीच्या बाकड्यावर.

आधी गाडीचं सांगतो. स्कूटरवर ब्रेकर, डाय सेट आणि फिटिंगची पोती नेऊन कंबर गेली होती. मित्र म्हणाले, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, ओम्नी घे आणि मागच्या सीटा काढून टाक. पण ओम्नी 2019 मध्ये बंद झाली, त्यामुळे मिळेल ती जुनीच. शिवाय आरसीवर सीटा आणि आत पाइप, हा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. क्लेमच्या वेळी विमावाले नेमकं तेच पुढे करतात. म्हणून मारुतीची इको कार्गो व्हॅन बघितली, सीएनजी, पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक. पिवळ्या पाटीला लोक उगाच घाबरतात. एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. लायसन्सही साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, चालतं. 7,500 किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये तसा निकालच दिलाय. आरटीओची फिटनेस तपासणी मात्र चुकत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

गाडी एका बेकरीवाल्याची होती. आत अजून खारीचा वास येत होता. शेठ म्हणाले, "मिस्त्री, लोन कधीच फिटलंय, बिनधास्त घ्या." लोन फिटलं होतं, खरंच. पण आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच होतं. हप्ते संपले की एचपी, म्हणजे ही आरसीवरची कर्जाची नोंद, आपोआप उतरते, असं निम्म्या गावाला वाटतं. ती उतरत नाही. कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 च्या दोन प्रती लागतात, त्यावर कंपनीचा सही-शिक्का आणि मालकाचीही सही, आणि ते सगळं आरटीओत जमा करावं लागतं. तोवर कंपनीच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणून मी सरळ सांगितलं, चाळीस हजार मागे ठेवतो, एचपी उतरली की देतो. शेठचं तोंड उतरलं. पण हे चाळीस हजार अडकले नसते तर शेठ माझ्याबरोबर एकदाही त्या ऑफिसात आले नसते, हे मी छातीठोक सांगतो.

आणि त्यांना यावंच लागलं, कारण एनओसी फक्त कर्जदाराला मिळते. जिथून लोन घेतलं ती शाखा बंद झालेली. मूळ कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झालेली. नव्या कंपनीच्या शाखेत गेलो तर "सर, कस्टमर केअरला फोन करा." कस्टमर केअर म्हणतं, रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा. तो नंबर शेठनी केव्हाच बंद केलेला. नंबर बदलायचा तर शाखेत जा. शाखेत म्हणतात, ते ऑनलाइन होतं. ऑनलाइन करायला गेलं की पुन्हा ओटीपी, त्याच मेलेल्या नंबरावर!

त्यातच सिस्टिममध्ये 590 रुपये बाकी निघाले. जुना कुठला तरी चेक परत गेला होता म्हणे, त्याचे पाचशे आणि वर जीएसटी. शेठ भांडायला उठले. मी म्हटलं, शेठ, भरा आणि पावती घ्या, इथे तत्त्व परवडत नाही.

बाकड्यावर बसून माझे फोन चालूच होते. एक वहिनी विचारत होत्या, नवीन गॅस गीझर पेटत का नाही. वरचा मजला, टाकी नळाच्या जेमतेम एक मीटर वर. म्हणजे दाब 0.1 बार, गीझर काय करणार? टाकी उंच करा, नाहीतर प्रेशर पंप बसवा, कंपनीला शिव्या देऊ नका. दुसऱ्याचं म्हणणं, पाणी बिल वाढलंय पण गळती दिसत नाही. त्याला सांगितलं, फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की आतला वॉशर गेला समजा. हे ऐकून काउंटरवरचा मुलगाच म्हणाला, "दादा, आमच्या बेसिनचं पाणी बारीक येतं." नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजव, म्हटलं. त्यानंतर कुठे त्यानं सांगितलं, की नंबर बदलायला केवायसीचे कागद आणि लेखी अर्ज शाखेतच घेतात. इतके दिवस हे कोणी बोललं नव्हतं!

एनओसी आली ती नव्या कंपनीच्या नावाची. आरसीवर नाव जुन्या कंपनीचं. आरटीओच्या खिडकीवरून कागद परत. विलीनीकरणाचं पत्र जोडा म्हणाले, म्हणजे पुन्हा तेच बाकडं. तुमच्या बाबतीत असं असेल तर एनओसी मागतानाच हे पत्रही मागून घ्या.

एचपी उतरल्यावर गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 चं काम अगदी सरळ झालं. शेठना त्याच दिवशी चाळीस हजार दिले.

राहिलेलं, आठवेल तसं: गाडी एप्रिल 2019 आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, आधी लावा, महाराष्ट्रात तिच्यावाचून एचपी उतरवणं आणि गाडी नावावर करणं, ही दोन्ही कामं अडतात. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता थोडा जास्त धरून चाला. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. सौदा करतानाच तारीख बघा, संपत आली असेल तर तेवढे पैसे कमी करा. आणि पाइपचं म्हणाल तर दहा फुटी पाइप टपावर जातात. वीस फुटी मी अजूनही दुकानदाराच्या टेम्पोनंच मागवतो.