माड अजून आम्लातच आहेत

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून त्यांत शाई भरून काढलेला छापा, मी तिसऱ्यांदा करतेय. 46 मीटर उंच, चिऱ्याचा. 1931 साली त्याचा अर्धा भाग कोसळला. पहिला छापा काढून घरी नेला तर आईने तो खिडकीपाशी धरला आणि म्हणाली, "अगो, ह्यात मनोरा पुढे की माड पुढे?" सगळ्या रेघा सारख्याच काळ्या होत्या.

तिच्या प्रश्नापायी मी पिरानेझी या इटालियन एचिंगकाराचे छापे संगणकावर मोठे करून पाहत बसले. जन्म 1720, व्हेनिसच्या मुलखातला. शिकला वास्तुकला, पण आयुष्य गेलं रोमच्या इमारती तांब्यावर उतरवण्यात. 1778 मध्ये वारला तोवर रोमच्या दृश्यांचे 135 पत्रे त्याने केले होते.

तांब्यावर मेणाचा पातळ लेप, त्यावर काजळी, मग सुई. सुई मेण तेवढं बाजूला करते. तांबं खातं ते आम्ल. आकाशाच्या रेघा जरा चरल्या की पत्रा बाहेर काढायचा, आकाशावर वार्निश चढवायचं, म्हणजे तिथे आम्ल पुढे खात नाही, पुन्हा आम्लात. मग लांबची घरं झाकायची, पुन्हा आम्लात. जे डोळ्याच्या सगळ्यात जवळ, ते सगळ्यात जास्त वेळ आत, म्हणून सगळ्यात खोल आणि काळं. पिरानेझीच्या कमानीखालचा तो दाट काळोख असा टप्प्याटप्प्याने मुरवलेला आहे. त्यात माणसं मुद्दाम चिमुकली, म्हणून भिंत अंगावर येते. त्याचे पत्रे तो गेल्यावरही कित्येक वर्षं छापले गेले आणि झिजले. त्या उशिराच्या फिकट छाप्यांवरून त्याला कुणी जोखू नये.

त्याच काळातला व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो, तोही एचिंग करायचा, अगदी वेगळा. त्याच्या रेघा पाण्यासारख्या थरथरतात, आणि ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. मांडवीकाठचं सकाळचं पणजी काढायचं तर मी त्याच्याकडेच जाईन. पण पावसात भिजून काळवंडलेल्या, भोकाभोकांच्या चिऱ्याला पिरानेझीच हवा.

दुसऱ्या पत्र्यात मी घाई केली, वार्निश पुरतं सुकू दिलं नाही. आकाशात डाग पडले.

या वेळी घड्याळ समोर ठेवलंय. मी फेरिक क्लोराइड वापरते, त्यालाही आम्लच म्हणते. आकाश आठ मिनिटांत झाकलं. मनोऱ्याची उन्हातली कड पंचवीस मिनिटांनी. चिऱ्याची भोकं नुसत्या ठिपक्यांनी काढलीत, ती त्यानंतर अर्ध्या तासाने झाकली. माड अजून आम्लातच आहेत.